रिकाम्या फोल्डरमधली साखर

"वही मिटा आता, सिस्टर. तिचं काम संपलं."

एस्तेर सिस्टरांनी चष्म्याच्या वरून माझ्याकडे पाहिलं. त्यांच्यापुढे लाल पुठ्ठ्याची लांब वही उघडी होती. तारीख घातलेली, रकाने आखलेले, वर 'बाळाच्या आईचे नाव' असं ठसठशीत अक्षरात.

"आणि तुमचं यंत्र रुसलं तर?"

"रुसायला ते काय जावई आहे?"

"जावई परवडला. तो निदान तोंड पाडून बसतो, कळतं तरी." त्या हसल्या. पण वही मिटली, तिला रबर लावलं आणि पिशवीत सरकवली. "तुम्ही म्हणता म्हणून हं. तीस वर्षांची सवय आहे हाताला."

कारंदेवाडीच्या आरोग्य उपकेंद्रात त्या दिवशी तान्ह्या बाळांचे कान तपासायचं शिबिर होतं. मार्चचा मंगळवार. सांगलीचे डॉक्टर हुद्दार आपल्या ट्रस्टतर्फे अशी शिबिरं गावोगाव घ्यायचे, आणि मिरजेच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या एस्तेर सिस्टर ती चालवायच्या. बाळाच्या कानात रबराचं इवलंसं बोंडूक घालायचं, त्यातून बारीक आवाज सोडायचा. कान चांगला असला की तो आतून उत्तर देतो, आपल्याला ऐकूही येणार नाही इतकं हलकं. यंत्र ते पकडतं आणि लॅपटॉपवर हिरवी पट्टी येते. उत्तर आलं नाही की लाल.

लाल आली तरी आईला तिथल्या तिथे सांगायचं नाही, असा डॉक्टरांचा नियम होता. पहिल्यांदा लाल येणाऱ्या दहातली आठ बाळं दुसऱ्या तपासणीत ठणठणीत निघतात. कानात गर्भातलं पाणी राहिलेलं असतं, नाहीतर बाळ हललेलं असतं. उगाच आया रडत घरी जातात. म्हणून रिपोर्ट साठवायचे, डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी बघायचे आणि लागेल तिला फोन करून बोलवायचं. हे रिपोर्ट साठवणारा प्रोग्रॅम आमच्या कंपनीने केला होता. कंपनी म्हणजे सहा माणसं आणि विश्रामबागेतल्या दोन खोल्या. प्रोग्रॅम केला होता मी.

बाळंतपणाच्या रजेवरून येऊन मला तीन आठवडे झाले होते. ओजस आठ महिन्यांचा. पर्समध्ये पेन कमी आणि लाळेरी जास्त अशी अवस्था. सकाळीच सासूबाईंचा फोन आला होता, "अंग थोडं कोमट लागतंय गं, तू काळजी करू नकोस." त्यांनी काळजी करू नकोस म्हटलं की मी हमखास करायची. नव्या लॅपटॉपवर प्रोग्रॅम उतरवताना माझा एक डोळा पडद्यावर आणि एक फोनवर होता.

बाहेर ओसरीत बायका बाळं घेऊन बसल्या होत्या. गावच्या बायका सतरंजीवर, आणि त्यांच्यापासून हातभर लांब, भिंतीला टेकून, एक एकटी. पिवळं लुगडं नेसलेली, आणि त्याच रंगाच्या फाटक्या तुकड्यात गुंडाळलेलं बाळ. गावाबाहेरच्या पाचटाच्या कोप्यांमधली असणार, ऊस तोडायला आलेल्यांपैकी. मी वायर जोडत होते तेवढ्यात आत कुणाच्या तरी हातून स्टीलचा ट्रे फरशीवर पडला. असा खणखणाट झाला की ओसरीवरची सगळी बाळं एकदम दचकली, दोन-तीन भोकाड पसरून रडायला लागली. पिवळ्या तुकड्यातलं बाळ मात्र झोपलेलंच. ओठांची नुसती हालचाल, स्वप्नात दूध पीत असल्यासारखी.

मला हेवाच वाटला. आमच्याकडे कडी वाजली तरी ओजस टक्क उठून बसायचा.

"किती शहाणं बाळ आहे तुमचं," मी म्हणाले.

ती एकदम खुलली. "लई गुणाची हाय लेक. रातीला टॅक्टर भरत्यात, त्यो डेक लावत्यात, कसलाबी गलका असू द्या, उठत न्हाय बघा."

"नाव काय ठेवलं?"

"ठिवलं न्हाय अजून. कारखान्याचा पट्टा पडला, हंगाम सरला की जायचंच हाय गावाकडं. तिकडं आत्याबाई ठिवंल." मग जरा घुटमळून, "कानात ते घालत्यात, दुखत न्हाय ना वो लेकराला?"

"अजिबात नाही."

"कागद देत्यात का तपासल्याचा?"

"आता नाही, नंतर. फोन येईल तुम्हाला."

पहिल्या बाळाची तपासणी मी उभी राहून पाहिली. हिरवी पट्टी आली, सिस्टरांनी 'जतन करा' दाबलं, पडद्यावर 'बरोबर'च्या हिरव्या खुणेसह 'जतन झाले' आलं. आणि फोन वाजला. ओजसला शंभर ताप. साठवलेला रिपोर्ट उघडून बघायचा असतो, तेवढं एक बघून निघायचं असतं, हे मला माहीत होतं. मी पर्स उचलली.

"जा जा," सिस्टर म्हणाल्या. "इथं माझं राज्य आहे. बाळाला पातळ काहीतरी पाजा आणि सासूला रागावू नका."

*

बुधवारी ओजसचा ताप उतरला होता. मी साडेदहाला ऑफिसमध्ये शिरले आणि पहिलं काम केलं ते म्हणजे मगदूम सरांच्या टेबलावर डबा ठेवला. बाहुबली मगदूम, आमच्या कंपनीचे मालक. त्यांच्या आई महिन्यातून एकदा ऑफिसातल्या सगळ्यांना कारळ्याची चटणी पाठवायच्या, आणि डबे परत नेताना सर झाकण उघडून बघायचे.

"साखर?"

"घातलीय, सर."

"मग चटणी चालू राहील." त्यांनी झाकण लावलं, पण चेहऱ्यावर नेहमीचं हसू नव्हतं. "अगं, हुद्दारांचा फोन होता. कालचा एक पण रिपोर्ट लॅपटॉपवर दिसत नाही म्हणतात. ड्रायव्हरबरोबर लॅपटॉप पाठवलाय. बघ की जरा."

लॅपटॉप अकराला आला. मला पाच मिनिटंसुद्धा लागली नाहीत.

आमचं सगळ्यांचं काम गिटमध्ये असायचं. गिट म्हणजे ऑफिसचं सामायिक कपाट समजा. आपल्या मशिनवर एखादी नवी फाइल केली म्हणून ती आपोआप कपाटात जात नाही. तिचं नाव घेऊन सांगावं लागतं, हिलाही घे. याला आम्ही 'ॲड करणं' म्हणतो. नवं फोल्डर केलं तर आतल्या फायली ॲड होतात आणि त्यांच्या मागोमाग फोल्डर जातं. पण फोल्डर रिकामं असेल तर गिटच्या लेखी ते नाहीच. ते तक्रार करत नाही, विचारत नाही, गुपचूप मागे सोडून जातं.

मी नोकरीला लागले तेव्हा हे सरांनीच शिकवलं होतं. "तुमच्याकडं डबा रिकामा परत करतात का गं?"

"नाही सर. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी घालतात."

"मग झालं. रिकामं फोल्डर कधी ॲड करायचं नाही. आत एक फाइल टाकायची, कसली का असंना, कोरी असली तरी चालंल. मग जातं." तेव्हापासून ऑफिसात त्या फायलीचं नावच 'साखर' पडलं होतं. नवं फोल्डर केलं की कुणीतरी पलीकडच्या टेबलावरून ओरडायचं, "साखर घातली का?"

रिपोर्ट साठवायचं फोल्डर मी माझ्या मशिनवर रजेच्या आधी केलं होतं. त्यात माझे चाचणीचे रिपोर्ट होते, म्हणून माझ्याकडे सगळं व्यवस्थित चालायचं. रजेवरून आल्यावर ते जुने रिपोर्ट पुसले, बाकीच्या नव्या फायली एकेक करून ॲड केल्या आणि पाचला घरी पळाले. साखर घातली नाही. नव्या लॅपटॉपवर ते फोल्डर आलंच नव्हतं. एकोणीस बाळांचे रिपोर्ट ठेवायला जागाच नव्हती.

आणि 'जतन झाले'? तेही माझंच. आधीच्या एका चाचणीत इंग्रजीतून लांबलचक एरर आल्यावर एक नर्स घाबरून खुर्चीतून उठली होती. म्हणून मी ठरवलं की एरर दाखवायचीच नाही. आत काहीही होवो, बाहेर हिरवी खूण.

मी मान वर केली तेव्हा सर काचेपलीकडे कुणाशी तरी फोनवर बोलत होते. रजेवर जाताना त्यांनी विचारलं होतं, "परत आल्यावर पूर्ण वेळ जमंल ना गं? नाही जमलं तर तसं सांग, मी दुसरं माणूस बघतो." त्यात टोमणा नव्हता. पण आठ महिने रात्री दूध पाजताना मला तेच वाक्य आठवत राहिलं होतं.

मी माझ्या मशिनवर ते फोल्डर पुन्हा केलं. आत एक कोरी फाइल टाकली. ॲड केली, कमिट केली, म्हणजे माझ्या नावाने नोंदवली, आणि कपाटात पाठवली. आता काही चुकलेलं नव्हतं. मग उठून सरांच्या खोलीत गेले.

"काय झालं?"

"सिस्टरांकडून बटण नीट दाबलं गेलं नसेल, सर. सवय नाही ना त्यांना. वहीवाल्या त्या."

"एकोणीस वेळा?"

"पण लॅपटॉपमध्ये कुठेतरी असेलच डेटा. मी शोधते. रिकव्हरी लावते."

"किती दिवस?"

"शनिवारपर्यंत द्या."

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, पदराला दुधाचा डाग तर नाही ना पडलाय. "शनिवार," ते म्हणाले. "बरं. आणखी काही सांगायचं असलं तर सांग हं. माझं दार उघडंच असतं."

"नाही, सर."

*

दुपारी सिस्टरांचा फोन आला. त्यांचा आवाज असा ऐकला नव्हता मी कधी.

"मॅडम, मी बटण दाबलं होतं हो. दर वेळी तुमची ती हिरवी खूण आली होती."

"होतं असं कधी कधी, सिस्टर. मी शोधतेय."

"माझं राहू दे. ऐका, एक लाल होतं. दोन्ही कान. बाकीचे अठरा हिरवे, त्याची मी बायबलवर हात ठेवून खात्री देते. ती कोप्यांमधली पोर, पिवळ्या लुगड्यातली. तिचा नंबर तुमच्या त्या यंत्रातच लिहिला मी, दुसरीकडे कुठं नाही. तेवढा एक काढा आधी."

माझ्या हातात फोन होता, समोर रिकव्हरीचा प्रोग्रॅम. दाखवण्यापुरता लावलेला. पडद्यावर टक्के सरकत होते, सात, आठ.

"काढते," मी म्हणाले.

त्या संध्याकाळी मी ओजसला सतरंजीवर पालथं टाकलं आणि त्याच्या पाठीमागे बसून स्टीलच्या ताटलीवर चमचा वाजवला. त्याने गर्रकन मान वळवली आणि मला बघून हसला. मी पुन्हा वाजवला, जरा लांबून. पुन्हा वळला. दाराआड जाऊन वाजवला.

"काय चाललंय गं?" सासूबाई आतून आल्या. "त्याला तालमीत घालणार आहेस का?"

"ऐकू येतं का बघतेय."

"अगंबाई! माझ्या नातवाला? तो शेजारच्यांच्या मोबाइलवर नाचतो. तुझं आपलं काहीतरीच." त्यांनी ताटली काढून घेतली. "कालपासून तोंड उतरलंय तुझं. ऑफिसात काही झालं का?"

"नाही, आई."

मला तो ट्रे आठवत होता. फरशीवर पडून गोल गोल फिरत थांबलेला. आणि माझंच वाक्य, किती शहाणं बाळ आहे तुमचं.

गुरुवारी सांगायचं असं ठरवून मी ऑफिसला गेले. जिन्यात वाक्यं जुळवली. सरांच्या खोलीत हुद्दार डॉक्टर बसलेले होते, दोघं चहा घेत होते. मला बघून डॉक्टर म्हणाले, "या, या. कुठवर आलं? सिस्टर तर उद्या रिक्षा करून त्या वस्तीवर जाते म्हणतायत. मी म्हटलं, एवढ्या उन्हात कुठं कोपी कोपी हुडकत फिरता? मॅडम नंबर काढून देतायत की. मिळेल ना?"

सरांनी कप ओठाला लावला. कपाच्या कडेवरून माझ्याकडे बघत होते.

"मिळेल," मी म्हणाले. "बासष्ट टक्के झालंय."

*

शुक्रवारी अकरा वाजता सिस्टर स्वतःच आल्या. मिरजेहून बसने, छत्री घेऊन, खांद्याला तीच पिशवी. ऑफिसात शिरल्या नाहीत, जिन्यातच उभ्या राहून मला हाक मारली.

"सापडलं?"

जुळवून ठेवलेलं सगळं मी विसरले, टक्केसुद्धा. "सिस्टर, त्यात काही नाहीये."

"नाही म्हणजे?"

"कधी नव्हतंच. तुम्ही बटण दाबलं होतं. एकोणीसच्या एकोणीस वेळा. ठेवायला जागाच नव्हती, ती करायची माझ्याकडून राहिली."

त्यांनी छत्री भिंतीला टेकवली. ती घसरून पडली, उचलली नाही. "तुम्हाला हे कधी कळलं?"

"बुधवारी."

"किती वाजता?"

"अकरा-सव्वाअकरा."

त्या पायरीवर बसल्या. बराच वेळ पदराने चष्मा पुसत राहिल्या. "बुधवारी दुपारी मी निघालेच होते. चप्पल घातली होती पायात. डॉक्टर म्हणाले, रेवती मॅडम शोधतायत, कशाला हेलपाटा. हुशार आहे ती मुलगी. तुम्ही शोधताय म्हणून मी थांबले."

मी पडलेली छत्री उचलली.

"उठा," त्या म्हणाल्या, बसलेल्या त्या होत्या तरी. "गाडी आहे ना तुमच्याकडं?"

त्यांना स्कूटरवर मागे बसवून मी कारंदेवाडीला निघाले. चाळीस मिनिटं त्या एक शब्द बोलल्या नाहीत. फक्त एकदा खड्डा आला तेव्हा, "सावकाश. तुमचं लेकरू आहे घरी."

गावाच्या अलीकडे, कॅनॉलच्या कडेला मोकळं रान होतं. मोकळंच होतं. जमिनीवर गोल गोल खुणा, कोप्या होत्या तिथे. तीन-तीन दगडांच्या चुली, राख, वाळलेलं पाचट, एक फाटकी चप्पल, दोरीचा तुकडा. एका बाभळीच्या फांदीला झोळी बांधलेल्या दोरीचे वळ पडले होते.

रस्त्यापलीकडे किराणा दुकान होतं. दुकानातल्या बाईने वजनकाटा पुसता पुसता सांगितलं, "काल सकाळीच गेली की ओ सगळी. बुधवारी पट्टा पडला कारखान्याचा. टॅक्टरमदनं गेली, भांडीकुंडी, शेरडं, सगळं घिऊन."

"कुठली होती? गाव कुठलं?" सिस्टरांनी विचारलं.

"बीडकडची म्हणायची. गाव काय म्हाईत न्हाय. टोळीच्या मुकादमाचा नंबर हाय माझ्याकडं, थांबा."

तो बंद लागला. दुसऱ्यांदा बंद. बाईने आमच्याकडे नीट बघितलं. "दवाखान्यातल्या का तुमी?"

"हो."

"मग त्या पिवळ्या लुगड्यावालीला हुडकताय व्हय? ती जायच्या आधी दवाखान्याच्या दारात जाऊन बसली हुती की. कागद मिळंल म्हणाली. कुलूप हुतं. घटकाभर बसली. मग टॅक्टरवाला हारन मारायला लागला, तशी उठली."

सिस्टर माझ्याकडे बघतील असं मला वाटलं. त्यांनी बघितलं नाही. दुकानाच्या फळीवर पिशवी ठेवली, आतून लाल वही काढली, रबर काढून मनगटात घातलं. मंगळवारची तारीख घातलेलं, रकाने आखलेलं ते पान उघडलं. त्यावर एकही ओळ नव्हती.

पेन माझ्या हातात दिलं.

"लिहा."

"काय लिहू?"

"आईचं नाव."

"मी विचारलं नाही, सिस्टर."

"मी विचारलं होतं. तुमच्या यंत्रात लिहिलं. आता आठवत नाही, एकोणीस होत्या. बाळाचं?"

"ठेवलं नव्हतं अजून."

"मग तसं लिहा. नाव नाही. पिवळं लुगडं. मुक्काम कारंदेवाडी. दोन्ही कान." त्या थांबल्या. "पुढं लिहा, पुन्हा तपासणे."

माझं अक्षर वाकडं आलं. त्यांनी वाचून पाहिलं, वही मिटली, रबर लावलं.

*

परत आले तेव्हा चार वाजले होते. सरांचं दार उघडंच होतं. मी सगळं सांगितलं. फोल्डर, एरर, टक्के, सिस्टरांवर ढकललेलं बटण. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, आलं नाही.

सरांनी ऐकून घेतलं. मग आपला पडदा माझ्याकडे वळवला. गिटमध्ये कुणी काय ॲड केलं, कधी केलं, याची यादी असते. तिथे माझं नाव होतं. बुधवार, दुपारी बारा वाजून चार मिनिटं. एक नवी फाइल, कोरी.

"साखर घातलीस ते तेव्हाच बघितलं मी," ते म्हणाले. "तू माझ्या खोलीत येऊन सिस्टरचं नाव घेतलंस, त्याच्या आधी."

"मग सर, तुम्ही..."

"मला वाटलं, लेकुरवाळी पोर आहे, घाबरली असंल. आपणहून सांगंल." त्यांनी कपाळावरून हात फिरवला. "तू सांगशील म्हणून थांबलो गं मी."

त्यांनी पडदा परत आपल्याकडे वळवला. टेबलावर त्यांच्या आईचा डबा होता, बुधवारी मी आणून ठेवलेला. घरी न्यायचा राहिला होता.

डॉक्टर थांबले होते, सिस्टर थांबल्या होत्या, सर थांबले होते. तीसुद्धा थांबली होती, घटकाभर, बंद दारासमोर.

मला कुणी कामावरून काढलं नाही. गावातली अठरा बाळं उपकेंद्राच्या आशाताईंनी दोन दिवसांत पुन्हा आणून दिली, अठराही हिरवी. मुकादमाचा फोन नंतरही कधी लागला नाही. सिस्टरांनी आणि मी बीडकडच्या पाच तालुक्यांच्या आरोग्य अधिकाऱ्यांना पत्रं लिहिली. एक उत्तर आलं : नाव व गाव कळवल्यास शोध घेता येईल. नोव्हेंबरात कोप्या पुन्हा उभ्या राहिल्या तेव्हा आम्ही गेलो, तर टोळी दुसरीच होती. त्यानंतर चार वर्षं, दर नोव्हेंबरला गेलो. पाचव्या वर्षी सिस्टरांचे गुडघे गेले, मग मी एकटी.

दहातली आठ ठणठणीत निघतात. हे मी स्वतःला अनेकदा सांगितलं आहे.

*

ओजस आता बारा वर्षांचा आहे. कानात ते बोंडूक घालून गाणी ऐकत अभ्यास करतो, मी हाक मारली तर ऐकू येत नाही त्याला, आणि मी उगाचच त्याच्यावर ओरडते. एवढं ओरडण्यासारखं काय आहे, हे त्याला कळत नाही.

ऑफिसात आता पस्तीस जण आहेत. मागच्या महिन्यात कस्तुरी नावाची नवी मुलगी लागली, इस्लामपूरची, चुणचुणीत. परवा ती माझ्या टेबलाशी आली.

"मॅडम, मी आपले जुने सगळे प्रोजेक्ट साफ केले. रिकाम्या फोल्डरमधल्या त्या साखरेच्या फायली आहेत ना, त्या सगळ्यांत एकच ओळ लिहिलेली होती. कुणीतरी चुकून कॉपी केली असणार. मी पुसून कोऱ्या केल्या. तशाही त्या कोऱ्याच असायला पाहिजेत ना?"

"हो," मी म्हणाले. "असायला पाहिजेत."

"मग बरोबर केलं ना?"

"बरोबरच केलंस. पण ती ओळ मी परत घालते."

"कुणी वाचत नाही ती, मॅडम. कुणी उघडतच नाही ती फाइल."

"माहीत आहे."

ती जराशी गोंधळून आपल्या जागेवर गेली. मी यादी काढली. एकेचाळीस फोल्डरं होती. दवाखान्यांची, शाळांची, एक नाशिकच्या द्राक्षवाल्यांचं. पहिली कोरी फाइल उघडली. ती ओळ मला कुठून कॉपी करावी लागत नाही. हातानेच लिहिली, एकेचाळीस वेळा, आणि एकेक करून ॲड केली.

नाव नाही. पिवळं लुगडं. मुक्काम कारंदेवाडी. दोन्ही कान. पुन्हा तपासणे.